आपला तो बाब्या, दुसऱ्याची ती मंगा

मंगावर, म्हणजे जपानी चित्रकथांवर, मत असणं आता सक्तीचं झालंय. वाचणं मात्र अजून ऐच्छिक आहे. प्रत्येक घराण्यात एक भाचा असतोच, जो 'बर्सर्क' या मंगाचं नाव काढताना गवई गुरूचं नाव घेताना करतात तसा कानाच्या पाळीला हात लावतो. त्याच्यासमोर तुमचं हसं होऊ नये म्हणून चार अनुभवाचे शब्द सांगतो.

सुरुवात अपमान वाटून घेण्यापासून करा. कुणी काका विचारतीलच, "मंगा म्हणजे ते डोरेमॉनच ना?" लगेच डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या आणि म्हणा, "ते वेगळं, काका." ते वेगळं नाही. फुजिको एफ. फुजिओंनी १९६९ साली सुरू केलेली 'डोरेमॉन' ही पंचेचाळीस खंडांची अस्सल मंगाच आहे. पण हे कबूल केलंत तर उद्या काकाही तज्ज्ञ ठरतील. काका गेले की मित्रांकडे वळून म्हणा, "मी शोनेन वाचत नाही आता. फक्त सेनेन." शोनेन म्हणजे मुलग्यांसाठीच्या मासिकात-साप्ताहिकात येणारी, सेनेन म्हणजे मोठ्या पुरुषांच्या. ही वर्गवारी छापणाऱ्या मासिकाची असते, मजकुराच्या खोलीची नव्हे; म्हणूनच 'डेथ नोट' शोनेन आहे आणि 'शिनचॅन' १९९० साली मोठ्यांच्या साप्ताहिकात सुरू झाली. म्हणजे जेवणाच्या वेळेला टीव्हीवर हिंदीत शिनचॅन लावून वरणभात खाणारं तुमच्या शेजारचं पाच वर्षांचं पोर केव्हाच सेनेनच्या इयत्तेत बसलंय. हे मित्रांना सांगू नका.

आता मुख्य गुपित. मंगाच्या गुणांची एक यादी आणि दोषांची दुसरी, अशा दोन याद्या पाठ करायची गरज नाही. यादी एकच आहे. आपल्या मालिकेत जो गुण, तोच शेजाऱ्याच्या मालिकेत दोष. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण आपल्या पूर्वजांनी बहुधा मंगाची समीक्षा डोळ्यांपुढे ठेवूनच केली असावी.

उदाहरणार्थ, वेग. माकोतो युकिमुराची 'व्हिनलँड सागा' २००५ ते २०२५ अशी वीस वर्षं चालली. सुरुवातीला व्हायकिंग, जहाजं, कुऱ्हाडी, बापाच्या खुनाचा सूड. चोपन्न चॅप्टर झाल्यावर लेखक जाहीर करतो की प्रस्तावना संपली. थट्टा नाही, त्या चॅप्टरचं नावच तसं आहे. मग सूडाखेरीज काहीच न शिकलेला नायक थॉरफिन गुलाम होऊन एका शेतावर येतो, झाडं पाडतो, बुंधे उपटतो, गहू पेरतो. मालिका तुमची असेल तर म्हणा, "आठ खंड रक्त दाखवायचं आणि मग वाचकाच्या हातात कुदळ द्यायची, याला छाती लागते." (खरंच लागते. पण तुम्ही हे मनापासून म्हणताय असं कुणाला वाटू देऊ नका.) मालिका दुसऱ्याची असेल तर म्हणा, "व्हायकिंग बघायला बसलो आणि 'आमची माती, आमची माणसं' लागलं."

ताकेहिको इनोऊएच्या 'व्हॅगाबॉन्ड'मध्येही हेच. सत्तर जणांना एकट्यानं कापून काढणारा तलवारबाज मुसाशी पुढे एका उपाशी गावात जातो आणि हट्टाला पेटून भात पिकवू लागतो. पाणी, माती, भूक, पुन्हा पाणी. दहावीच्या पुस्तकातला ग्रामीण कथेचा धडा ऑप्शनला टाकलेले लोक ही पानं वाचून गहिवरतात. गहिवरा. फक्त ज्याला 'व्हॅगाबॉन्ड' आवडते त्याच्यासमोर 'व्हिनलँड'ची शेती कंटाळवाणी म्हणा, आणि उलटही. दोन्ही शेतं एकदम आवडलेला माणूस कुठल्याच कंपूत बसत नाही.

'वन पीस'साठी मात्र वेगळी तयारी हवी. एइइचिरो ओदाची ही मालिका जुलै १९९७ पासून चालू आहे, शंभराहून जास्त खंड झालेत. तुम्ही भक्त असाल तर नवख्याला म्हणा, "अरलॉन्ग पार्कपर्यंत थांब, मग बघ." अरलॉन्ग पार्क हा सुरुवातीचा कथाभाग संपेस्तोवर पंचाण्णव चॅप्टर होतात. कुठल्याही कादंबरीबद्दल "पहिली दीड हजार पानं सोसा, मग पकड घेते" असं म्हणणाऱ्याला आपण दारात उभं करणार नाही, पण इथे चालतं. विरोधक असाल तर 'ड्रेसरोझा' एवढा शब्द उच्चारून कपाळावर हात मारा. ती लढाई शंभर चॅप्टर चालली आणि दर आठवड्याला सतरा-अठरा पानं वाचणाऱ्यांचे केस त्यात पांढरे झाले. तीच लढाई आज खंड हातात घेऊन सलग वाचली तर आठवडाभरात उरकते आणि बरीचशी जमूनही आलेली वाटते. म्हणजे संथपणा काही अंशी गोष्टीत नव्हता, दर सोमवारी येणाऱ्या नव्या अंकाची वाट बघण्यात होता. असला बारकावा चर्चेत आणू नका, भांडण मिटतं.

वेगाचा मुद्दा फिका पडला की चित्रांकडे वळा. चित्रकलेबद्दल बोलायला चित्रकला यावी लागत नाही. नाचता न येणाऱ्यालाच अंगणाचा वाकडेपणा नेमका दिसतो. हाजिमे इसायामाच्या 'अटॅक ऑन टायटन'चे पहिले खंड उघडा. माणसांची धडं तिरकी, मानेचा खांद्याशी अबोला, चेहऱ्यांची अदलाबदल. पक्षात असाल तर "त्या कच्च्या रेषेतच भीती आहे." आणि आहेही, नीटस काढलेल्या राक्षसाला कोण घाबरेल? विपक्षात असाल तर "अ‍ॅनिमेवाल्यांनी अब्रू वाचवली." (अॅनिमे म्हणजे मंगावरून केलेली जपानी कार्टून मालिका.) तीते कुबोच्या 'ब्लीच'मध्ये पानंच्या पानं पार्श्वभूमी कोरी. आपल्या माणसानं केलं तर अवकाश, दुसऱ्यानं केलं तर आळस. इथे 'मा' हा एक जपानी शब्द पाठ करून ठेवा. रिकाम्या जागेचं सौंदर्य असा त्याचा साधारण अर्थ. लोणच्यासारखा कुठल्याही ताटात चालतो. 'वन-पंच मॅन'ची गोष्ट आणखी सोयीची आहे: 'वन' या नावानं लिहिणाऱ्यानं २००९ मध्ये ती शाळकरी पोरासारख्या चित्रांत इंटरनेटवर टाकली, २०१२ पासून युसुके मुराता तीच गोष्ट डोळे दिपतील अशा चित्रांत काढतोय. साहजिकच तुम्ही म्हणायचं, "मूळचीच बरी होती."

संवादांचं काय करायचं? 'डेथ नोट'मध्ये फुगे भरून भरून विचार लिहिलेले असतात, ते बुद्धिबळ. 'हंटर × हंटर'च्या जहाजावरच्या कथाभागात फुग्यांनी चित्रं गिळलीत, तो निबंध. किंवा उलट. एवढ्यावर भागतं.

स्त्री पात्रांबद्दल मात्र जपून. 'नारुतो'तली साकुरा सातशे चॅप्टरमध्ये बराच वेळ कुणाची तरी वाट बघत उभी आहे, हा दोष इतका उघड आहे की त्यावर बाब्या-कार्टं चालत नाही. अशा वेळी विषय बदला. 'फुलमेटल अल्केमिस्ट' काढणारी हिरोमु अराकावा ही होक्काइदोच्या दूधवाल्या शेतकऱ्याची लेक आहे आणि तिच्या गोष्टीतल्या बायका यंत्र दुरुस्त करतात, सैन्य चालवतात, नवऱ्याला दम देतात, याची कुणी आठवण करून दिली तर "ती अपवाद" म्हणून मोकळे व्हा.

आता सर्वात रसाळ विषय, खंड पडणे. म्हणजे पुस्तकाचा खंड नव्हे, मालिकेत पडणारा. योशिहिरो तोगाशीची 'हंटर × हंटर' १९९८ मध्ये सुरू झाली, आणि सुरू झाली त्यापेक्षा जास्त वेळा थांबली. २०१८ च्या अखेरीस थांबली ती २०२२ च्या ऑक्टोबरातच परतली. माणसाची पाठ इतकी गेलेली की खुर्चीत बसून चित्र काढणं अशक्य झालं होतं. परत येण्याआधी त्यानं ट्विटरवर खातं उघडून कागदाच्या कोपऱ्यांचे फोटो टाकायला सुरुवात केली, आणि लाखो लोक एका रेघेवरून झाड आहे की हात यावर खल करत बसले. तुमचं काम सोपं. आपण स्वतः सोमवारच्या मीटिंगला पाठ धरली म्हणून वर्क फ्रॉम होम घेतलेलं असलं, तरी तोगाशीच्या पाठीबद्दल लिहायचं, "व्हिडिओ गेम खेळत असणार." दर आठवड्याला एकोणीस पानं, मदतनीस धरून, झोप न धरून, असा हा धंदा आहे, पण आपण वाचक आहोत, आपल्याला हिशेब माहीत असायचं कारण नाही.

'बर्सर्क'च्या बाबतीत हे सगळं फार वरच्या दर्जाला पोचलं. केंतारो मिउराचा नायक गट्स एकदा बोटीवर चढला तो वर्षानुवर्षं उतरेना. त्या बोटीवर इतके विनोद झाले की बोट बुडायला हवी होती. इकडे मिउरा एका चिलखताच्या एका कडीवर इतक्या रेघा ओढत होता की भिंग लावून बघणाऱ्यालाही दम लागावा. ६ मे २०२१ रोजी तो गेला, चोपन्नाव्या वर्षी. बोटीचे विनोद करणाऱ्यांनीच सर्वात लांब श्रद्धांजल्या लिहिल्या, त्याही बातमी जाहीर झाली त्याच संध्याकाळी. तुम्हीही आपल्या आवडत्या मंगाकाराबद्दल एक मसुदा तयार ठेवा. थट्टा आणि हळहळ यांच्यामध्ये वेळ फार कमी मिळतो. पुढे मिउराचा शाळेपासूनचा मित्र कोउजी मोरी यानं, शेवटापर्यंतची गोष्ट मिउराच्या तोंडून ऐकलेली होती म्हणून, त्याच्या स्टुडिओच्या चित्रकारांना हाताशी धरून २०२२ मध्ये मालिका पुन्हा सुरू केली. यावरचं मत: "मिउराचा हात नाही तो." हे नवीन असेल असं समजून सांगा. त्या चित्रकारांना ते ठाऊक नसावं.

या थांबलेल्या मालिकांच्या याद्या करताना आइ याझावाची 'नाना' विसरायची. २००९ पासून लेखिकेच्या आजारपणामुळे अडलेली आहे, नाना नावाच्या दोन मुली टोकियोतल्या एका खोलीत कायमच्या अर्ध्यावर उभ्या आहेत. पण ती मुलींची मंगा, तिची वाट बघणं पुरुषार्थात बसत नाही.

लांबली तर ओढली, आटोपली तर गुंडाळली, हा शेवटाबद्दलचा एकमेव नियम. 'डीमन स्लेयर' २०२० साली, लोकप्रियतेच्या अगदी टोकावर असताना, २०५ चॅप्टरमध्ये संपली. कोयोहारु गोतोउगेनं दुकान चालू असताना शटर खाली ओढलं, असं आजवर कितीजणांना जमलंय? तुम्ही म्हणा, "घाई केली." 'अटॅक ऑन टायटन' १३९व्या चॅप्टरला, एप्रिल २०२१ मध्ये संपली, तेव्हा बारा वर्षं स्वातंत्र्य म्हणजे काय यावर विचार करणाऱ्या वाचकांनी लेखकाला नायकाची, म्हणजे एरेनची, गोष्ट एरेनच्या मनाप्रमाणे संपवण्याचंही स्वातंत्र्य ठेवलं नाही. आणि 'डेथ नोट'बद्दल बोलताना रहस्यभंग कधीही करू नका. फक्त म्हणा, "मी काही सांगत नाही, पण ५८व्या चॅप्टरनंतर वाचू नकोस." ऐकणारा थेट तोच चॅप्टर उघडतो, आणि तुमचा हात कोरडा राहतो.

कुणीतरी आगाऊपणानं विचारेल की वाचकांच्या मताला तिकडे काही किंमत असते का. असते, हीच तर पंचाईत आहे. 'शोनेन जंप' साप्ताहिकात वर्षानुवर्षं पोस्टकार्ड जोडलेलं असायचं. वाचकानं त्यावर त्या आठवड्यात आवडलेल्या तीन मालिका लिहून पाठवायच्या. नवी मालिका त्या मतांत तळाला राहिली की काही महिन्यांत बंद, मग नायक डोंगरावर चढत असो की प्रेमात पडत असो. १९९५ च्या आसपास या साप्ताहिकाचा खप आठवड्याला पासष्ट लाखांवर गेला होता, म्हणजे ती पोरांची मतं कुणीतरी गंभीरपणे मोजत होतं. पण आपल्या दृष्टीनं त्या कार्डात मोठा दोष: त्यावर काय आवडलं ते विचारतात. काय आवडलं नाही, का नाही, आणि ज्यांना आवडलं त्यांची लायकी काय, यासाठी तीन ओळी कशा पुरायच्या?

शिवाय ते कार्ड मिळवायला अंक विकत घ्यावा लागे. तुम्ही कुठल्या तरी चोरट्या साइटवर, जाहिरातींच्या फुल्या चुकवत, अनोळखी स्वयंसेवकांनी रात्रीत केलेल्या इंग्रजीत वाचता. ताजे तीन चॅप्टर प्रकाशकाच्या अ‍ॅपवर कायदेशीर आणि फुकट मिळतात हे माहीत असूनही, कारण ते दोन दिवस उशिरा येतात. हे शरमेचं कारण नाही. उलट फुकट वाचलेल्या गोष्टीबद्दल "पैसे वसूल नाही झाले" असं म्हणता येणं यालाच रसिकता म्हणतात. त्याच भाषांतराच्या जोरावर मूळ जपानी संवाद किती सपाट आहेत हेही ठणकावून सांगा.

एक धोका तेवढा उरतो. सगळं नीट जमलेलं असताना तो भाचा किंवा त्याची मैत्रीण अचानक विचारते, "बरं मामा, तुम्हाला स्वतःला कुठली आवडते?" गडबडू नका. नाव घेतलंत की मेलात. पुढच्या क्षणाला तुमच्या बाब्याचं कार्टं होईल. शांतपणे खिडकीबाहेर बघा आणि म्हणा, "आहे एक. अजून तिचं भाषांतर झालेलं नाही."

आणि पुढेमागे झालंच, तर मूळची मजा नाही.