पंचाचे तारतम्य हा नियमाचाच भाग आहे

जुलैच्या पावसात नाशिकमध्ये शालेय फुटबॉलचे सामने सुरू झाले की पाठोपाठ पंचांवरील टीकाही सुरू होते. यंदा शहरातील पालक आणि खेळाडूंच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर बराच फिरला. चिखलात घसरलेल्या एका बचावपटूच्या हाताला चेंडू लागला आणि पंचांनी पेनल्टी दिली नाही, हे त्याचे निमित्त होते. नियम म्हणजे नियम, त्यात पंचाने स्वतःचे डोके चालवणे हाच पक्षपात आहे, असे त्यात म्हटले होते. सारख्या फाउलला सारखीच शिक्षा हवी, ॲडव्हांटेजच्या, म्हणजे फाउल होऊनही खेळ न थांबवण्याच्या सवलतीच्या, नावाखाली फाउल सोडणे थांबले पाहिजे, व्हीएआरनंतर, म्हणजे व्हिडिओ पाहून पंचाला साहाय्य करणाऱ्या व्यवस्थेनंतर, पंचाच्या मताची गरज उरलेली नाही आणि मुलांना शिस्त केवळ काटेकोरपणानेच लागते, अशी पुढची विधाने होती. त्या सामन्यात मी पंच नव्हतो. मात्र याच शहरातील मैदानांवर अनेक वर्षे शिट्टी घेऊन उभा राहिलो असल्यामुळे या मजकुराला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

सुरुवात त्या पेनल्टीपासूनच करू. चेंडू हाताला लागला की हँडबॉलचा फाउल, असा नियम नाही. खेळाडूने हात मुद्दाम चेंडूकडे नेला का, किंवा हात अशा स्थितीत होता का की ज्यामुळे शरीर अनैसर्गिकरीत्या मोठे झाले, हे पंचाने पाहायचे असते. आणि हाताची ती स्थिती त्या क्षणीच्या शारीरिक हालचालीतून ओघाने आली होती का, हे ठरवण्याचे कामही नियमाने पंचावरच सोपवले आहे. घसरणारा मुलगा तोल सावरण्यासाठी हात जमिनीवर टेकतो. तेथे पेनल्टी नाकारणारा पंच कोणावर मेहेरबानी करत नाही, तर फुटबॉलचा फाउलविषयीचा बारावा नियम जसा लिहिला आहे तसाच लावतो.

१८८६ मध्ये स्थापन झालेले इंटरनॅशनल फुटबॉल असोसिएशन बोर्ड हे नियम ठरवते. एकूण सतरा नियमांपैकी पाचवा पंचाविषयीचा आहे. पंचाने नियम आणि खेळाची भावना यांना धरून, स्वतःच्या मतानुसार निर्णय द्यावा, मात्र तो नियमांच्या चौकटीत असावा, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. ‘नियमात डोके चालवायला जागा नाही’ असे म्हणणाऱ्याने हा पाचवा नियम वाचलेला नाही, असे मला खेदाने म्हणावे लागते.

सारख्या फाउलला सारखी शिक्षा ही मागणी रास्त आहे, परंतु कोणते फाउल सारखे, हा खरा प्रश्न आहे. निष्काळजीपणे पाय लागला तर केवळ फ्री किक, समोरच्याला होणाऱ्या धोक्याची पर्वा न करता घुसल्यास पिवळे कार्ड आणि गरजेपेक्षा फार जास्त बळ वापरल्यास लाल कार्ड, असे तीन स्तर नियमातच आहेत. बाहेरून एकसारखी दिसणारी दोन टॅकल्स त्यामुळे वेगवेगळ्या स्तरांत पडू शकतात.

आता काटेकोरपणाचे उदाहरण पाहू, कारण त्याचे परिणाम या मजकुराने लक्षातच घेतलेले नाहीत. गोलरक्षकाने चेंडू हातात सहा सेकंदांपेक्षा जास्त धरू नये, हा नियम २००० पासून होता आणि जगभरचे पंच तो समजुतीने वापरत होते. आधी तोंडी ताकीद देत, खरोखर वेळ काढला जात असेल तरच शिट्टी वाजवत. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांच्या उपांत्य सामन्यात कॅनडा अमेरिकेविरुद्ध ३-२ ने पुढे असताना पंचांनी कॅनडाच्या गोलरक्षकाला या नियमाखाली दोषी धरले. त्यातून अमेरिकेला मिळालेल्या इनडायरेक्ट फ्री किकवर (जिच्यावर थेट गोल करता येत नाही) कॅनडाच्या खेळाडूकडून हँडबॉल झाला, पेनल्टीवर बरोबरी झाली आणि जादा वेळेत अमेरिका ४-३ ने जिंकली. निर्णय शब्दशः चूक नव्हता, तरीही सहसा कोणीही न लावणारा नियम उपांत्य सामन्याच्या ऐन भरात अचानक लागला म्हणून तो अन्यायकारक वाटला. अखेर २०२५ मध्ये नियमच बदलला. आता आठ सेकंदांची मुदत आहे, शेवटची पाच सेकंदे पंच हात वर करून मोजतो आणि मुदत ओलांडल्यास प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळतो. पूर्वसूचना देण्याची जी रीत पंच स्वतःहून पाळत होते, ती अशा प्रकारे नियमात आली.

या मजकुरात तथ्याचा एक अंश आहे आणि तो मी मान्य करतो. जेथे नियम मोकळीक ठेवत नाही, तेथे पंचाने ती घेऊ नये. २०१० च्या विश्वचषक अंतिम सामन्यात विजयी गोलनंतर स्पेनच्या इनिएस्टाने दिवंगत मित्राच्या आठवणीचा संदेश दाखवण्यासाठी जर्सी काढली. भावना कितीही खरी असली तरी पिवळे कार्ड अटळ होते आणि ते दिले गेले. त्याच स्पर्धेत घानाविरुद्ध उरुग्वेच्या सुआरेझने गोलरेषेवर हाताने चेंडू अडवला तेव्हा घानाला गोल बहाल करावा असे अनेकांना वाटले; पण पंचाच्या हाती लाल कार्ड आणि पेनल्टी एवढेच होते, आणि पेनल्टी बारवर आदळली. तारतम्य म्हणजे प्रेक्षकांच्या मनासारखे करणे नव्हे. २०२३ मध्ये बेंगळुरूत यजमान बेंगळुरू एफसीच्या सुनील छेत्रीने शिट्टीविना घेतलेल्या फ्री किकवरील गोल मान्य झाला म्हणून प्रतिस्पर्धी केरला ब्लास्टर्सचा संघ मैदान सोडून गेला, तेव्हा अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्या क्लबला चार कोटी रुपयांचा दंड केला. फ्री किकसाठी प्रत्येक वेळी शिट्टी वाजलीच पाहिजे, असे नियम म्हणत नाही.

ॲडव्हांटेजबद्दल थोडक्यात सांगतो. फाउल झालेल्या संघाचाच हल्ला शिट्टीने थांबला, तर लाभ फाउल करणाऱ्याला होतो. अपेक्षित फायदा काही सेकंदांत मिळाला नाही तर पंच मूळ फाउल देऊ शकतो आणि कार्डही नंतर दाखवता येते. व्हीएआरसुद्धा निर्णायक प्रसंगांतील ठळक, उघड चूक किंवा नजरेतून सुटलेली गंभीर घटना एवढ्यासाठीच आहे, आणि पडद्यासमोर उभे राहून शेवटी निर्णय द्यायचा असतो तो पंचालाच.

मुलांच्या शिस्तीचा मुद्दा मला सर्वांत जवळचा आहे. चौथ्या नियमानुसार कोणताही दागिना चालत नाही, वर चिकटपट्टी लावूनही नाही. एका सामन्यापूर्वी त्र्यंबककडच्या एका मुलाच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि ती काढायला तो तयार नव्हता. माळेसह त्याला खेळवणे मला शक्य नव्हते, कारण चेंडूच्या झटापटीत कोणाचे बोट त्यात अडकले असते. पण सर्वांसमोर दरडावून त्याला बाहेर काढणेही मला योग्य वाटले नाही. मी त्याच्या आजोबांना रेषेजवळ बोलावले आणि कारण समजावून सांगितले. त्यांनी नातवाच्या गळ्यातील माळ स्वतःच्या हाताने उतरवली, कपाळाला लावली आणि सामना संपेपर्यंत ओंजळीत धरून ते रेषेबाहेर उभे राहिले. सामना चार मिनिटे उशिरा सुरू झाला आणि ते कारण मी माझ्या अहवालात नोंदवले.