सकाळीच भरून ठेवलेल्या गोळ्यांच्या वाट्या

वृद्धनिवास बघायला जाणारे लोक बाग बघतात, लिफ्ट बघतात, जेवण चाखतात. औषधांची खोली मात्र फारसं कुणी बघत नाही. एकदा ती दाखवा म्हणावं. तिथे ट्रेमध्ये खोली नंबर लिहिलेल्या छोट्या वाट्या मांडलेल्या असतील आणि दुपारच्या, रात्रीच्या गोळ्याही सकाळीच काढून ठेवलेल्या असतील, तर बाकी सगळं कितीही चकाचक असो, माझं मत तिथेच ठरतं.

पत्त्यातून, म्हणजे स्ट्रिपमधून, बाहेर आली की गोळीची ओळख संपते. नाव, मात्रा, मुदत सगळं पत्त्यावर राहतं आणि वाटीत उरतात तीन पांढऱ्या गोल गोळ्या. काढल्या एकीने, देणार दुसरी. औषधं दिल्याची नोंद असलेल्या चार्टवर सही करणारी नेमकी कशाची खात्री देते? शिवाय डॉक्टरांनी अकरा वाजता फोनवर एक गोळी बंद केली, तर ती वाटीतून कोण शोधून काढणार?

एका वेळी एकच माणूस, ही खरी रीत. चार्ट उघडायचा, पत्त्यावरचं नाव आणि मात्रा त्याच्याशी जुळवायची, मग गोळी काढायची. ‘तुम्हीच कुलकर्णी ना?’ असं विचारायचं नाही, कारण स्मृतिभ्रंश झालेला माणूस कशालाही हो म्हणतो. नाव त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचं, ते जमत नसेल तर चार्टवरच्या फोटोशी चेहरा ताडायचा. गोळी गिळेपर्यंत तिथेच थांबायचं आणि सही त्यानंतर. आधी सह्या उरकल्या की गोळ्या उशीच्या अभ्र्यात सापडतात आणि चार्ट मात्र अगदी स्वच्छ दिसतो!

याला वेळ लागतो, हे व्यवस्थापनाचं ठरलेलं उत्तर. लागतोच. पण तीच केअरटेकर त्याच तासात अंघोळी घालणार, नाश्ता भरवणार आणि बेल वाजली की धावणार असेल, तर चूक तिच्या माथी मारणं हा अन्याय आहे. औषधांच्या फेरीत तिला दुसरं काम सांगायचं नाही, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ चुका टळतील.

गिळता येत नाही म्हणून गोळी कुटून भातात कालवणं, हा दुसरा सर्रास प्रकार. नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर असं काही असेल तर ती गोळी कुटायची नाही. दिवसभर हळूहळू सुटायचं औषध एकदम अंगात जातं, आणि ते रक्तदाबाचं असेल तर माणूस कोसळू शकतो. ॲसिडिटीच्या पॅन्टोप्राझोलवरचं आवरण पोटातल्या आम्लापासून औषध वाचवण्यासाठी असतं, कुटलं की तेच गेलं. फार्मासिस्टला विचारा, बऱ्याच औषधांचा पातळ पर्याय मिळतो.

वेळेचंही तसंच. ‘सकाळी’ म्हणजे सगळं नाश्त्यासोबत नव्हे. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, खाण्याच्या 30 ते 60 मिनिटं आधी. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तिच्यापासून 4 तास लांब. हाडांसाठीची ॲलेंड्रोनेट पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर निदान अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही, नाहीतर अन्ननलिका सोलवटते. पार्किन्सनच्या लेव्होडोपाला तासभर उशीर झाला तर माणूस खुर्चीत खिळून बसतो आणि लोक म्हणतात, आजोबा आज हट्टाला पेटलेत.

संधिवातासाठी दिलेली मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असते. ती चुकून रोज दिली तर जीव जाऊ शकतो. चार्टवर वार लिहा आणि बाकीच्या सहा दिवसांच्या चौकोनांवर काट मारा.

सर्वात धोक्याचा दिवस हॉस्पिटलमधून परतण्याचा. जुन्या पत्त्यावर एका कंपनीचं नाव, नव्यावर दुसऱ्या कंपनीचं, आत औषध तेच, आणि दोन्ही सुरू! डिस्चार्जचा कागद आणि जुना चार्ट शेजारी ठेवून औषधाच्या मूळ नावाने ओळ न् ओळ जुळवायला हवी. बंद झालेले पत्ते त्याच दिवशी कपाटातून बाहेर. पुढचे काही दिवस झोप, चाल, तोल आणि लघवी यांवर लक्ष ठेवायचं. नव्या गोळीनंतर आजी दुपारभर पेंगत असतील तर ‘वय झालं’ म्हणून सोडून न देता वेळेसकट नोंद करा आणि पुढची मात्रा द्यायच्या आधी डॉक्टरांना फोन लावा.