वायलमचं इंजिन स्टीफन्सनचं नव्हे

सामान्यज्ञानाच्या नावाखाली एक मजकूर सतत पुढे ढकलला जातो: 'इंग्लंडमधल्या टाइन नदीकाठच्या वायलम या छोट्या खाणगावात जॉर्ज स्टीफन्सनने जगातलं पहिलं रेल्वे इंजिन बनवलं आणि तिथल्या पुलावरून कोळसा नेला.' यात खरं एवढंच, की स्टीफन्सन १७८१ मध्ये वायलमला जन्मला.

आधी 'जगातलं पहिलं'. रिचर्ड ट्रेविथिकचं इंजिन १८०४ मध्येच वेल्समध्ये रुळांवर धावलं होतं.

मग वायलमचं इंजिन कोणाचं? इथे खरा अन्याय होतो. खाणमालक क्रिस्टोफर ब्लॅकेटने ट्रेविथिकच्या नमुन्याचं इंजिन बनवून घेतलं होतं, पण वायलमच्या लाकडी रुळांना ते पेलणारं नव्हतं. पुढे लोखंडी रूळ आले, तरी शंका उरलीच: गुळगुळीत रुळावर गुळगुळीत चाक जागच्या जागी घसरणार नाही का? लीड्सजवळ त्यासाठी दातेरी रूळच टाकले होते. वायलमच्या खाणीचा कारभार पाहणाऱ्या विल्यम हेडलीने एक गाडी तयार केली, माणसांना तिचे दांडे हाताने फिरवायला लावले आणि मागे कोळशाच्या वाघिणी जोडून पाहिल्या. वजन पुरेसं असलं की चाकं पकड धरतात, हे डोळ्यांनी दिसलं. मग त्याने जोनाथन फॉस्टर आणि टिमोथी हॅकवर्थ यांच्या साथीने १८१३-१४ मध्ये 'पफिंग बिली' उभं केलं. त्याच्या भाराने बिडाचे रूळ फुटू लागले, तेव्हा चाराची आठ चाकं केली. हे इंजिन १८६२ पर्यंत राबलं! हॅकवर्थही वायलमचाच, पण त्याचं नाव कोण घेतं?

राहिला पूल. रूळमार्ग उत्तर काठानेच लेमिंग्टनच्या धक्क्यापर्यंत सुमारे ५ मैल जात असे. तिथून कोळसा होड्यांत चढे. नदी ओलांडायचा प्रश्नच नव्हता, आणि वायलमचा पूल झाला १८३६ मध्ये.

स्टीफन्सनचं कुटुंब तो लहान असतानाच वायलम सोडून गेलं. त्याचं पहिलं इंजिन १८१४ चं, किलिंगवर्थच्या खाणीवरचं. एका खोलीच्या बिऱ्हाडात जन्मलेल्या, अठराव्या वर्षापर्यंत निरक्षर राहिलेल्या या माणसाने १८२५ मध्ये स्टॉकटन-डार्लिंग्टन आणि १८३० मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू करून दाखवली. त्याच्या मोठेपणासाठी हेडलीचं इंजिन त्याच्या नावावर चढवायची काहीच गरज नाही.