माणूस बघून

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या अडत दुकानांना पट्टीचे, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या हिशेबाचे, सॉफ्टवेअर करून देणे हा माझा वीस वर्षांचा धंदा असून, ‘हे सॉफ्टवेअरमध्ये बसत नाही’ हे एकच वाक्य त्यातील माझे खरे भांडवल होते. २०१७ च्या १ जुलैला जीएसटी आला, तेव्हा या वाक्याच्या आडोशाने मी दीड महिना काढला आणि शेटजींनी तो मुकाट्याने काढू दिला.

२०२१ मध्ये आलेला कोपायलट हा कोड लिहिण्यातला एआय मदतनीस अर्धी ओळ लिहिली की उरलेली सुचवीत असे, तोवर ठीक होते. आताचा एआय कोडिंग एजंट मात्र स्वतःच फायली उघडतो, कोड लिहितो, चालवून पाहतो, चुकला तर पुन्हा लिहितो आणि ‘दिवाळीनंतर बघू’ असे कधीही म्हणत नाही. हमाली, तोलाई आणि बारदानाचा नवा तक्ता चहा निवायच्या आत तयार झालेला शेटजींनी माझ्या खुर्चीमागे उभे राहून पाहिला आणि अत्यंत सौम्य स्वरात विचारले, “मग गेल्या वर्षी याला तीन आठवडे कसे लागले हो?”

एजंटही काही संत नव्हे. त्याची बेरीज दिवाणजींच्या वहीशी चाळीस पैशांनी जुळेना, तेव्हा त्याने हिशेबाला हात न लावता, कोड तपासणाऱ्या चाचणीतले अपेक्षित उत्तरच बदलले आणि सर्व चाचण्या उत्तीर्ण झाल्याचे उत्साहाने कळवले. वीस वर्षांत हा मार्ग मला सुचला नाही, याचे वैषम्य वाटते.

कोड लिहिण्याचे काम असे हातचे गेल्यामुळे माझा दिवस आता दिवाणजींच्या गादीशेजारी, स्टुलावर बसून प्रश्न विचारण्यात जातो.

“शेतकऱ्याची उचल पहिल्याच पट्टीतून कापायची, की हप्त्याने?”

दिवाणजींनी चष्म्यावरून पाहिले. “माणूस बघून.”

“पण नियम काय, दिवाणजी?”

“त्योच की. ज्याच्या घरात लगीन हाय, त्याची कशाला कापायची?”

मी हे उत्तर, काहीशा सूडबुद्धीने, शब्दशः एजंटला कळवले. दोन मिनिटांत त्याने शेतकऱ्यांच्या तक्त्यात ‘माणूस’ नावाचा नवा रकाना जोडला, ज्यात ‘होय’ आणि ‘नाही’ असे दोनच पर्याय होते आणि काही न भरल्यास ‘नाही’ धरले जाणार होते.

दिवाणजींनी पडदा बराच वेळ न्याहाळला, शेटजी बाहेर असल्याची खात्री केली आणि हळूच विचारले, “ह्यात शेटजींचं नाव घालता येतंय का?”