खुलासा : रेव्हरंड टिळक म्हणजे लोकमान्य नव्हेत

नारायण पेठेतल्या आमच्या ग्रुपवर लोकमान्यांच्या फोटोखाली मजकूर फिरतोय : ‘रेव्हरंड म्हणजे आदरणीय, म्हणून इंग्रजीत टिळकांना रेव्हरंड टिळक म्हणत.’ केसरीवाड्याच्या सावलीत राहणाऱ्यांनी तरी हे पुढे पाठवू नये, अशी कळकळीची विनंती.

रेव्हरंड टिळक म्हणजे कवी नारायण वामन टिळक. १८९५ साली मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पुढे ते धर्मोपदेशक झाले आणि १९१९ साली गेले. लोकमान्य गेले १ ऑगस्ट १९२० रोजी. आडनाव एक, जन्म दोघांचाही रत्नागिरी जिल्ह्यातला, त्यामुळे गल्लत होते खरी.

घोळाचं मूळ मात्र शब्दात आहे. लोकांना ज्याच्याबद्दल मनापासून आदर वाटतो, तो ‘रेव्हर्ड’. हे साधं विशेषण. गुरू, नेता, गायक, कुणालाही लावा. ‘रेव्हरंड’ ही आज ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या नावामागे लागणारी उपाधी आहे. दोन्ही शब्द लॅटिनमधल्या एकाच धातूचे. आपल्याकडे ‘पूजित’ आणि ‘पूजनीय’ यांत जो फरक, तोच इथे : एकाची पूजा झालेली आहे, दुसरा पूजेला योग्य आहे. ‘रेव्हरंड’मधला तो शेवटचा ‘अंड’ म्हणजे आपला ‘अनीय’च! मला हे साम्य फार सुंदर वाटतं.

तेव्हा इंग्रजी मजकुरात लोकमान्यांना ‘रेव्हर्ड लीडर’ खुशाल लिहा. नावामागे मात्र ‘लोकमान्य’च ठेवा, ती पदवी त्यांना लोकांनी दिली आहे.