‘आठ महिन्यांत बॅटरी बसली’ या तक्रारीवर दुकानाकडून उत्तर

नमस्कार भाऊ,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलं आहे की ऑक्टोबरात २,८०० रुपये देऊन आमच्याकडून लॅपटॉपमध्ये नवी बॅटरी टाकली, तेव्हा तीन तास चालायची, आता जूनमध्ये पावणेदोन तासांवर आली. सहा महिन्यांची वॉरंटी संपली आणि बॅटरीही बसली, म्हणजे जुना माल नवा म्हणून विकला. दुकानात आलात तर काउंटरवरच्या पोरानं बिलाची तारीख पाहून हात वर केले.

शेवटची गोष्ट आधी घेतो, कारण ती पूर्ण खरी आहे. मशीन उघडून न पाहता कोणाला परत पाठवायचं नाही, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. त्या दिवशी मी यवतमाळला माल आणायला गेलो होतो, पण ते काही कारण होत नाही. तुम्ही तुमचं सेवा केंद्र बंद ठेवून दारव्ह्याला आमच्या दुकानात आलात आणि रिकाम्या हातानं गेलात. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

परवा तुम्ही लॅपटॉप ठेवून गेलात, तो मी स्वतः उघडला. विंडोजमधून बॅटरीचा रिपोर्ट काढला. बॅटरीची मूळ क्षमता ४१,४४० मिलीवॅट-अवर, आता पूर्ण भरल्यावर २५,१०० च्या आसपास, म्हणजे जेमतेम ६० टक्के. पण त्याच कागदावर चार्ज सायकल (एक सायकल म्हणजे एक पूर्ण बॅटरीभर वापर) किती लिहिल्या आहेत? फक्त ३८. जुनी, वापरलेली बॅटरी असती तर हा आकडा शेकड्यात दिसला असता. चांगली लिथियम बॅटरी ३०० ते ५०० सायकल झाल्यावर ८० टक्क्यांवर येते. तुमची वापरून झिजलेली नाही. ती भरलेल्या अवस्थेत, गरमीत पडून पडून गेली आहे.

मग खालचं झाकण काढलं. पंख्याची हवा बाहेर पडते तिथल्या जाळीवर कापसाचे तंतू बसून नमद्यासारखा थर झाला होता. चिमट्यानं ओढला तर अंगठ्याएवढा तुकडा अखंड निघाला. तो मी पुडीत ठेवला आहे, तुम्हाला दाखवायला. तुमच्या केंद्राला लागून जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना आहे. ऑक्टोबरात बॅटरी टाकताना जाळी साफ होती, कारण हंगाम सुरू व्हायचा होता. नोव्हेंबरपासून कापूस आला आणि मशीनचा श्वास कोंडत गेला.

त्यात वरून टिनाचं शेड. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो, शेडखाली त्याहून जास्त. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात चार्जर लावलेला, बॅटरी सतत १०० टक्के. लाईन गेली की तेवढा वेळ बॅटरीवर काम, लाईन आली की पुन्हा शंभर. सातबारा, ई-केवायसी, पीक विमा यांच्या रांगेत चार्जर काढायला सवड कोणाला असते, ते मला कळतं. पण लिथियम बॅटरीला दोन गोष्टी एकत्र सोसत नाहीत: पूर्ण भरलेलं असणं आणि गरमी. पूर्ण भरली की बॅटरीच्या आतला प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या जवळ ताणलेला राहतो. आतल्या ग्राफाइटवर एक बारीक थर चढत जातो आणि त्यात कामाचं लिथियम अडकून बसतं. उष्णता वाढली की हा थर झपाट्यानं वाढतो. ४० अंशांत पूर्ण भरलेली बॅटरी वर्षभर नुसती ठेवली तरी ती ६५ टक्क्यांपर्यंत उतरते. तीच ४० टक्के भरून ठेवली तर ८५ च्या आसपास राहते. वापर दोन्हीकडे शून्य, तरी फरक एवढा.

आता आमची चूक. बॅटरी देताना आमच्या पोरानं तुम्हाला सांगितलं होतं, ‘पहिल्यांदा आठ तास चार्ज करा, आणि नेहमी फुल्ल ठेवत जा.’ मी त्याला विचारलं, तो हो म्हणाला. हा सल्ला चुकीचा होता. आठ तासांची आणि पूर्ण उतरवून भरायची सवय जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांची. लिथियम-आयन १९९१ पासून बाजारात आहे, पण सवय अजून तोंडातून गेलेली नाही. तुमच्या कामाची जागा माहीत असताना मी उलट सांगायला हवं होतं. तुमच्या मॉडेलमध्ये कंपनीच्याच ॲपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आहे. ती त्याच दिवशी दोन मिनिटांत चालू करून द्यायची होती. बॅटरी कंपॅटिबल, म्हणजे लॅपटॉप कंपनीची नसून तिच्यात बसणारी दुसऱ्याची आहे, हे बिलावर लिहिलं होतं, तरी तिचे सेल कंपनीच्या बॅटरीइतकी गरमी सोसतात असं मी म्हणणार नाही.

जाळी साफ केली, प्रोसेसरवरची गरमी बाहेर काढणारी पेस्ट बदलली, ८० टक्क्यांची मर्यादा लावली. याचे पैसे नाहीत. बॅटरी फुगलेली नाही, हे टेबलावर सपाट ठेवून पाहिलं. पुढे कधी टचपॅड वर उचललेला वाटला किंवा झाकण नीट बसेनासं झालं, तर चार्जर काढा, मशीन बंद करा आणि घेऊन या. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, कचऱ्यात टाकायची नाही. जुन्या बॅटऱ्या आम्ही घेऊन ठेवतो.

नवी बॅटरी आत्ता घेऊ नका. ८० टक्क्यांवर ही साधारण सव्वा तास चालेल, लाईन गेल्यावर हातातलं काम संपवायला तेवढा वेळ पुरतो. लागलीच तर माझ्या खरेदीच्या निम्म्या भावात टाकून देईन, तारीख न पाहता. लॅपटॉपखालचा जाड रेक्झिनचा कपडा काढा, दोन पट्ट्या ठेवून मशीन थोडं उचला. कूलरची ओली हवा थेट त्यावर घेऊ नका. जाळी दिवाळीनंतर दर महिन्याला दाखवून जा, पाच मिनिटांचं काम आहे.

पोराला मी आता प्रत्येक बॅटरीसोबत या गोष्टी लिहून द्यायला लावल्या आहेत. लॅपटॉप तयार आहे. घ्यायला येताना चार्जर आणा भाऊ, तुम्ही तो सोबत दिला नव्हता. त्याची पिन गरम होते का ते बघायचं राहिलं आहे.