बायोचा पट: ना विणलेला, ना राणीचा

फ्रान्समधील बायो गावच्या ‘बायो टॅपेस्ट्री’विषयीचा एक संदेश सध्या गटागटांतून पुढे ढकलला जात आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: हे जगातील सर्वांत लांब विणलेले चित्र आहे, इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमची राणी माटिल्डा हिने दासींना हाताशी धरून, दहा वर्षे मागावर बसून ते विणले, किल्ल्यातील थंडी अडावी म्हणून ते भिंतीवर टांगले जाई, विल्यमशी लढताना इंग्लंडचा हॅरल्ड राजा डोळ्यात बाण लागून मेला याचा तो प्रत्यक्ष पुरावा आहे, आणि कापडी चित्रकथेने भिंत सजवण्याची कला जगाला तेथूनच मिळाली. पट विलक्षण आहे यात वाद नाही, परंतु यांपैकी एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही.

पहिले विधान सर्वांत महत्त्वाचे, कारण पुढचा घोटाळा त्यातूनच उद्भवतो. मराठीत ‘विणणे’ आणि ‘भरणे’ ही दोन वेगळी क्रियापदे आहेत, आणि कुंचीवरचा मोर आजीने विणला असे आपल्याकडे कोणी म्हणत नाही. तो तिने भरलेला असतो. टॅपेस्ट्री या विणकामात चित्र कापडावर नंतर चढवलेले नसते, तर कापड आणि चित्र एकाच वेळी तयार होतात. हे समजून घ्यायला युरोपात जाण्याची गरज नाही, कारण हातमागावरच्या अस्सल पैठणीचा पदर याच तत्त्वावर विणला जातो. प्रत्येक रंगाची स्वतंत्र कांडी असते, तिचा धागा पदराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न जाता आपल्या कोयरीच्या किंवा मोराच्या हद्दीपर्यंत जाऊन शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकतो आणि मागे फिरतो. म्हणूनच असा पदर उलटा केला तरी नक्षी जवळपास तशीच दिसते, आणि जाणकार गिऱ्हाईक दुकानात आधी पदराची मागची बाजू पाहते.

बायोच्या पटात यातले काहीही नाही. जोडलेल्या नऊ तुकड्यांचे, जेमतेम अर्धा मीटर रुंदीचे आणि 68 मीटरांहून थोडे अधिक लांबीचे ते साधे तागाचे कापड आहे, आणि त्यावर लोकरीच्या धाग्याने भरतकाम केलेले आहे. बाह्यरेषा आणि अक्षरे दांडीटाक्याने काढली आहेत. आकृती भरण्यासाठी आधी लोकरीचे धागे एकमेकांना लागून आडवे पसरले आहेत, त्यांवर थोड्याथोड्या अंतराने दुसरे धागे काटकोनात टाकले आहेत आणि ते बारीक टाक्यांनी जागच्या जागी बांधले आहेत. या पद्धतीत लोकर जवळजवळ सगळी वरच्या बाजूलाच राहते, मागे फारशी वाया जात नाही. घोड्याचे शरीर निळे आणि त्याचे पलीकडचे पाय वेगळ्याच रंगाचे, अशी युक्ती वापरून भरणाऱ्या हातांनी सावली न दाखवताही खोली दाखवली आहे. माणसांच्या मागचे कापड मात्र कोरेच ठेवले आहे, जे विणलेल्या चित्रात शक्यच नसते, कारण तेथे पार्श्वभूमीसुद्धा विणावीच लागते.

याहून मोठा पुरावा खुद्द बायोच्या कॅथेड्रलच्या 1476 मधील मालमत्तेच्या यादीत आहे. पटाचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख याच यादीत आढळतो आणि त्यात त्याचे वर्णन ‘चित्रे व लेख भरलेला, फार लांब आणि अरुंद तागाचा पडदा’ असे केले आहे. म्हणजे ‘टॅपेस्ट्री’ हे नाव चिकटण्यापूर्वी ज्यांच्या ताब्यात ही वस्तू होती, त्यांना ती भरतकाम आहे हे ठाऊक होते. लांबीचा मानही खऱ्या विणकामात बायोकडे येत नाही. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात आंजूचा ड्यूक लुई याने विणून घेतलेली, फ्रान्समधीलच आंजे येथील ‘अपोकॅलिप्स’ टॅपेस्ट्री मुळात सुमारे 140 मीटर लांब होती आणि तिचा सुमारे 100 मीटर भाग आजही शिल्लक आहे.

राणी माटिल्डाची कथा अठराव्या शतकापूर्वीच्या कोणत्याही कागदात सापडत नाही. त्या शतकात ती बायोमधील लोकसमजूत म्हणून छापली गेली, आणि 1803 मध्ये नेपोलियनने पट पॅरिसला नेऊन प्रदर्शित केला तेव्हा तिला आणखी प्रतिष्ठा मिळाली. पटाच्या आतला पुरावा दुसरीकडेच बोट दाखवतो. विल्यमचा सावत्र भाऊ आणि बायोचा बिशप ओडो याला त्यात त्याच्या वाट्याहून अधिक मान दिलेला आहे, आणि वाडार्ड व व्हायटल यांच्यासारखी त्याच्या परिवारातील किरकोळ माणसे नावानिशी येतात. लॅटिन मजकुरात इंग्रजी वळणाची रूपे डोकावतात, इतकी की हॅरल्डच्या भावाच्या, गिर्थच्या, नावात चक्क जुने इंग्रजी अक्षर आहे. काही दृश्ये कँटरबरीच्या हस्तलिखितांतील चित्रांशी जुळतात. त्यामुळे बहुतेक अभ्यासक असे मानतात की पट ओडोने करवून घेतला आणि तो 1070 च्या दशकात इंग्लंडमध्ये, बहुधा कँटरबरीच्या परिसरात, भरला गेला. युद्ध हरलेल्या देशातील हातांनी जेत्याची कथा भरली आणि श्रेय मात्र जेत्याच्या राणीला मिळाले, ही गोष्ट मला चुकीच्या क्रियापदापेक्षाही अधिक खटकते.

दहा वर्षांच्या आकड्याला कसलाही आधार नाही. इंग्लंडमधील लीक गावच्या तीसहून अधिक स्त्रियांनी 1885-86 मध्ये या पटाची पूर्ण आकाराची प्रतिकृती सुमारे वर्षभरात भरून काढली. ती आता रेडिंगच्या संग्रहालयात आहे. (मूळ पटाच्या काठावरील एका विवस्त्र पुरुषाला या प्रतिकृतीत चड्डी मिळाली आहे.)

थंडीविषयी फार लिहायला नको. अर्धा मीटर रुंदीच्या तागाच्या पट्टीने कोणत्या किल्ल्याची थंडी अडणार? शिवाय 1476 च्या यादीनुसार हा पट चर्चच्या मुख्य दालनात वर्षातून एकदा, पवित्र अवशेषांच्या सणाला व त्यानंतरच्या आठवड्यात, लावला जात असे.

बाणाचे प्रकरण अधिक नाजूक आहे. ‘हॅरल्ड राजा मारला गेला’ या शब्दांखाली दोन आकृत्या आहेत: एक डोळ्याजवळचा दांडा धरून उभी आहे, तर दुसरी घोडेस्वाराच्या तलवारीने खाली कोसळते आहे. यांपैकी हॅरल्ड कोणता, की दोन्ही तोच, यावर एकमत नाही. त्यातच 1729 मध्ये बेन्वा या चित्रकारांनी केलेल्या रेखाटनात त्या जागी पिसे नसलेली तुटक रेघ आहे. पिसे असलेला बाण एकोणिसाव्या शतकातील स्टॉदर्ड या चित्रकारांच्या चित्रात दिसतो. मधल्या काळात पटाची डागडुजी झाली आहे, त्यामुळे आज दिसणारा बाण हा 1066 च्या हेस्टिंग्जच्या लढाईचा पुरावा म्हणून दाखवता येत नाही.

शेवटच्या विधानाला तर इंग्लंडमध्येच उत्तर मिळते. 991 मध्ये माल्डनच्या लढाईत मारल्या गेलेल्या बर्टनॉथ या सरदाराच्या विधवेने त्याच्या पराक्रमांची चित्रे असलेला पडदा ईलीच्या मठाला दिला होता, अशी नोंद त्या मठाच्या इतिहासात आहे. नॉर्वेतील ओसेबर्ग येथे 834 च्या सुमारास पुरलेल्या जहाजात घोडे, गाड्या आणि माणसांची मिरवणूक दाखवणाऱ्या अरुंद पट्टीचे तुकडे सापडले, आणि ते खरोखर विणलेले आहेत. इजिप्तमध्ये तर चौथ्या थुटमोस राजाच्या थडग्यात टॅपेस्ट्री पद्धतीने विणलेल्या तागाचे तुकडे मिळाले आहेत, जे बायोच्या पटाहून सुमारे अडीच हजार वर्षांनी जुने आहेत.

या संदेशासोबत फिरणारे छायाचित्र मी मोठे करून पाहिले. त्यात घोड्यांच्या मागची पिवळसर जागा कोरी नाही. तिच्यावर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत धाग्यांच्या सारख्या, बारीक, उठावदार रेघा आहेत. ते मूळ पटाचे चित्रच नव्हे. पर्यटकांसाठी यंत्रमागावर काढलेल्या उशीच्या अभ्र्याचे असावे, आणि तो अभ्रा मात्र खरोखर विणलेला आहे.